कच्चे मडके आणि हलके थापटणे : हौशी कवीच्या कवितेवर अभिप्राय कसा द्यावा

गोरोबाकाकांच्या घरी जमलेल्या संतमंडळींची आख्यायिका मराठी वाचकाला नव्याने सांगावी लागत नाही. मुक्ताबाईंच्या म्हणण्यावरून गोरोबांनी थापटणे हाती घेतले, एकेकाच्या डोक्यावर हलके मारून पाहिले आणि नामदेवांचे मडके कच्चे असल्याचा निर्वाळा दिला. नामदेव रुसले. आपण ही कथा बहुधा येथेच संपवतो. परंतु कवितेवर अभिप्राय देऊ पाहणाऱ्याने तिचा पुढचा भागही लक्षात ठेवावा, कारण नामदेवांना त्यानंतर विसोबा खेचरांकडे जाण्याची वाट दाखवली गेली. कच्चे आहे एवढे सांगून कोणी मोकळे झाले नाही. शिवाय कुंभार मडके पारखतो तेव्हा ते फोडत नाही, त्याचा आवाज ऐकतो. नोकरी, संसार, शेती, शिक्षण सांभाळून कविता लिहिणारी माणसे एकमेकांच्या कविता वाचतात, तेव्हा नेमके हेच करायचे असते, आणि नेमके हेच बहुतेकदा होत नाही.

होते ते असे. सकाळी कोणी तरी गटात कविता पाठवते. दुपारपर्यंत तिच्याखाली ‘अप्रतिम’, ‘भावस्पर्शी’, ‘क्या बात है’, ‘लिहीत राहा’ अशा दहा-बारा प्रतिक्रिया येतात आणि संध्याकाळी दुसरी कविता आली की पहिली विस्मरणात जाते. या शब्दांत वाईट काही नाही. मैफलीत ‘वाहवा’ला जे स्थान आहे तेच त्यांना आहे, आणि संकोचाने पहिलीच कविता दाखवणाऱ्या माणसाला ते शब्द दोन दिवस पुरतात, हेही खरे. मात्र ती दाद झाली, अभिप्राय नव्हे. दाद मिळाली की आपण आवडलो एवढे कळते. अभिप्राय मिळाला की कवितेची कोणती ओळ वाचकापर्यंत पोहोचली आणि कोणती वाटेत अडली, हे कळते. कवी स्वतःच्या कवितेचा वाचक होऊ शकत नाही, कारण कागदावर न उतरलेला भागही त्याला दिसत असतो. ही उणीव दुसऱ्या कोणी तरी भरून काढायची असते, आणि त्यासाठी विद्वान असण्याची अट नाही.

पहिले काम म्हणजे कविता मोठ्याने वाचणे. फोनच्या पडद्यावर डोळा ओळींवरून घसरतो, तर जीभ जेथे अडखळायचे तेथे अडखळतेच. दोनदा वाचावी, आणि दोन्ही वेळा जीभ एकाच ठिकाणी अडखळली तर ती जागा टिपून ठेवावी. कारण लगेच सापडला नाही तरी चालेल. पहिल्या वाचनानंतर लगेच काहीही लिहू नये, असा माझा स्वतःपुरता नियम आहे. तो मी एका फजितीनंतर घालून घेतला. एका कवितेच्या पहिल्या चार ओळी वाचून मी ‘किती प्रसन्न कविता’ असे लिहून टाकले होते, आणि कवितेच्या शेवटच्या कडव्यात एक मूल दगावले होते.

दुसरे काम, कवीने कोणता रचनाप्रकार हाताळला आहे ते ओळखणे. अभंगाला गझलेचे आणि मुक्तछंदाला वृत्ताचे माप लावले, की अभिप्राय कितीही कळकळीचा असला तरी वाया जातो. आज हौशी कवींमध्ये अष्टाक्षरी फार लोकप्रिय आहे. तिच्यात ओळीला आठ अक्षरे मोजतात, जोडाक्षर एकच धरतात आणि लघु-गुरूचा, म्हणजे कोणते अक्षर उच्चारात आखूड आणि कोणते लांब याचा, हिशेब ठेवत नाहीत. मोठ्या अभंगात पहिल्या तीन चरणांत सहा-सहा आणि चौथ्यात चार अक्षरे असतात, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत जुळते. अक्षरगणवृत्ताचे तसे नाही. तेथे प्रत्येक अक्षराचे वजन आणि जागा ठरलेली असते. ‘मना सज्जना भक्तिपंथेचि जावें’ ही ओळ लगागा लगागा लगागा लगागा (ल म्हणजे लघु, गा म्हणजे गुरू) अशी बारा अक्षरांची चालते, आणि याच भुजंगप्रयात वृत्तात लिहू पाहणाऱ्या मित्राची ओळ कोठे लंगडते हे पाहायचे तर तिच्याशेजारी ही ओळ ठेवून दोन्ही ठेक्यात म्हणून पाहाव्यात. शब्दाच्या मधोमध यती, म्हणजे ओळीतला विसावा, येऊन शब्द तुटत असेल, तर तोही याच परीक्षेत कानाला टोचतो.

लघु-गुरू तपासणाऱ्याने एका गोष्टीची काळजी घ्यावी. जोडाक्षरापूर्वीचे अक्षर गुरू होते हा नियम आपण शाळेत शिकलो, पण तो आघातावर अवलंबून आहे हे बहुतेक जण विसरतो. ‘सत्य’मधील ‘स’ गुरू आहे, कारण त्याच्यावर जोर पडतो. ‘तुझ्या’तील ‘तु’ आणि ‘पुन्हा’तील ‘पु’ मात्र लघुच राहतात, कारण तेथे जोर पडत नाही. हे न पाहता ‘तुमची मात्रा चुकली’ असे चारचौघांत सांगणारे महाभाग मी पाहिले आहेत, आणि एकदा तो महाभाग मीच होतो. शुद्धलेखनाचेही तसेच. वृत्तासाठी ऱ्हस्वाचे दीर्घ आणि दीर्घाचे ऱ्हस्व करण्याची सवलत मराठी पद्याने पूर्वीपासून घेतली आहे. म्हणून वेलांटी दुरुस्त करण्याआधी ती ओळ वृत्तात आहे का हे पाहावे.

गझल हा तर वेगळाच प्रांत आहे. तेथे तंत्रातील चूक दाखवणे हा अपमान मानला जात नाही. उर्दूतील उस्तादाकडून इस्लाह, म्हणजे दुरुस्ती, घेण्याची रीत मराठी गझलकारांनीही स्वीकारली आहे. सुरेश भटांनी नवख्यांसाठी ‘गझलेची बाराखडी’ लिहिली, ती तंत्राबाबत कोणाच्या मनात संदेह राहू नये म्हणूनच. मतल्यात, म्हणजे गझलेच्या पहिल्या शेरात, ‘वारा’ आणि ‘तारा’ असे काफिये, म्हणजे यमकाचे शब्द, घेतले, की ‘रा’च्या आधीचा ‘आ’ हा स्वर, म्हणजेच अलामत, शेवटपर्यंत सांभाळावी लागते. चौथ्या शेरात ‘चेहरा’ आला तर तो कितीही सुंदर शेर असला तरी अलामत मोडलेली असते. हे स्पष्टपणे सांगावे. मात्र येथे दुसऱ्या बाजूचा दोषही दिसतो. तंत्र बिनचूक असले की गझल झाली असे समजून अभिप्राय तेथेच थांबतो आणि शेरात काही म्हटले आहे की नाही, याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. निर्दोष मात्रांचे निर्जीव शेर अशाने वाढतात.

आता प्रत्यक्ष अभिप्राय कसा लिहावा ते एका उदाहरणाने पाहू. खालचे कडवे मी या लेखासाठीच रचले आहे, तेव्हा त्याला हवे तसे थापटायला हरकत नाही.

पावसाच्या सरी आल्या,
आठवणी झाल्या गोळा;
छत्री माझ्या डोक्यावर,
आईचा त्या खांदा ओला.

यावर ‘डोळ्यांत पाणी आणलेत’ असे लिहिता येईल. ‘पाऊस आणि आठवणी हे किती वेळा वाचायचे’ असेही लिहिता येईल, आणि त्यात तथ्यही आहे. पण दोन्ही प्रतिक्रियांनी कवीच्या हाती काही लागत नाही. पहिलीने तो सुखावतो, दुसरीने दुखावतो आणि कडवे जसेच्या तसे राहते. त्याऐवजी वाचकाने आपल्या वाचनाचा वृत्तान्त द्यावा. म्हणजे असे : ‘पहिल्या दोन ओळी वाचताना मी फारसा थांबलो नाही, कारण अशी सुरुवात पूर्वी अनेकदा वाचली आहे. तिसऱ्या ओळीनंतर चौथी आली आणि मी थबकलो. छत्री आईने तुमच्याकडे कलती धरली होती हे तुम्ही कोठेही म्हटलेले नाही, तरी मला ते दिसले. हे दिसल्यावर आठवणी गोळा झाल्याचे वेगळे सांगण्याची गरज आहे का, असा प्रश्न पडला. चौथ्या ओळीतला “त्या” मला आठवे अक्षर भरण्यासाठी आलेला वाटला. “गोळा” आणि “ओला” यांत ळ आणि ल यांचा फरक आहे. माझ्या कानाला तो जाणवला, तुम्हाला चालवून घ्यायचा असेल तर तो तुमचा अधिकार.’

या अभिप्रायात कोठेही कविता चांगली की वाईट हे सांगितलेले नाही, आणि ते मुद्दाम. निकाल दिला की कवी निकालाशी भांडत बसतो. वाचनाचा वृत्तान्त दिला की भांडण्याजोगे काही उरत नाही, कारण वाचक कोठे थबकला हे वाचकच सांगू शकतो. कौतुकही नेमक्या ओळीचे केले आहे. ‘कविता आवडली’ यापेक्षा ‘तुमच्या छत्रीने मला थांबवले’ हे वाक्य नवख्या कवीला कितीतरी अधिक धीर देते, कारण आपल्याला काय जमते हे त्याला कळते आणि तो तेथे पुन्हा जाऊ शकतो. उत्तेजन म्हणतात ते हेच. दोष सांगताना दोनपेक्षा अधिक सांगू नयेत; पाच दिसले असतील तर दोन मोठे निवडून बाकीचे पोटात ठेवावेत. आणि पर्यायी ओळ स्वतः लिहून देण्याचा मोह टाळावा. आपली ओळ खरोखर चांगली असली तरी ती आपली असते, आणि ती स्वीकारलेल्या कवीला ते कडवे पुढे परके वाटू लागते. फार तर ‘येथे एखादी वस्तू दिसली तर?’ असे विचारावे.

भरीचे शब्द, म्हणजे ‘त्या’, ‘हा’, ‘जरा’, ‘अन्’, ‘असा’, हे हौशी कवितेचे सर्वांत सामान्य दुखणे आहे, आणि ते दाखवायला सर्वांत सोपेही आहे. तो शब्द झाकून ओळ वाचावी; अर्थ जागचा हलला नाही तर तो शब्द भरीचा. तयार माल म्हणता येतील अशा प्रतिमांचे, म्हणजे मृगजळ, हुरहुर, मनाचे काहूर, चांदण्यांची बरसात, यांचे थोडे अधिक नाजूक असते. त्या वापरल्याबद्दल कोणाला हसू नये. आपण सगळे शाळेच्या पुस्तकातून आणि भावगीतांतून कवितेकडे आलो, तेव्हा पहिली काही वर्षे दुसऱ्यांच्या चांदण्यात लिहिणे स्वाभाविक आहे. ‘तुमच्या गावाकडचे चांदणे कसे असते?’ असा प्रश्न मी अशा वेळी विचारतो, आणि उत्तर बहुधा कवितेपेक्षा सरस येते.

बोलीत लिहिलेल्या कवितेबाबत माझे मत काहीसे कठोर आहे. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, झाडीबोली यांतल्या कवितेत ‘व्हतं’चे ‘होतं’ करणे हा अभिप्राय नाही, ते कवितेवर चालवलेले करवत आहे. बहिणाबाई चौधरी खानदेशच्या बोलीत रचत गेल्या. त्या 1951 साली वारल्या आणि त्यांच्या कविता पुस्तकरूपाने आल्या त्या 1952 साली, मुलगा सोपानदेवांनी जपल्या आणि आचार्य अत्र्यांनी त्यांचे मोल ओळखले म्हणून. त्या ओव्या कोणी प्रमाण भाषेत ‘शुद्ध’ करून छापल्या असत्या तर काय हाती उरले असते, याचा विचार ज्याने त्याने करावा. बोलीतला शब्द कळला नाही तर अर्थ विचारावा. कवीला तो सांगायला आनंदच होतो.

कवितेतला ‘मी’ म्हणजे कवी नव्हे, हेही पुन्हा पुन्हा स्वतःला बजावावे लागते. विशेषतः बाईने संसारातल्या घुसमटीवर चार ओळी लिहिल्या, की ‘ताई, घरी सगळे ठीक आहे ना?’ अशी विचारणा सुरू होते. विचारणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण त्यामुळे कविता बाजूला पडते आणि पुढच्या वेळी ती कवयित्री पावसावरच लिहिते. अभिप्रायात ‘तुम्ही’ न म्हणता ‘या कवितेतील बाई’ असे म्हटले तरी अर्धे काम होते. याला अपवाद एकच. नुकत्याच झालेल्या मृत्यूनंतर कोणी कविता लिहिली असेल तर तिच्यातील मात्रा मोजू नयेत. ती कविता सांत्वनासाठी आलेली असते, तिला सांत्वनच द्यावे. तीन-चार महिन्यांनी कवीने स्वतः विषय काढला तर तंत्राचे बोलता येईल.

वयाचा प्रश्नही आपल्याकडे असतोच. निवृत्त शिक्षक असलेल्या ‘सरां’ची ओळ चुकली हे पंचविशीतल्या मुलाने सांगायचे कसे? अशा वेळी प्रश्न उपयोगी पडतो. ‘सर, तिसऱ्या ओळीत मला नऊ अक्षरे मोजता आली, माझे मोजण्यात चुकते आहे का?’ या वाक्याने कोणाचाही मान दुखावत नाही, आणि सर मोजून पाहतातच. ज्येष्ठांनीही नवख्याशी बोलताना आपल्या अधिकाराचे वजन ओळखावे. 1907 साली जळगावच्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे या सतरा वर्षेही पूर्ण न झालेल्या मुलाचे काव्य ऐकून अध्यक्ष डॉक्टर कीर्तिकरांनी त्याला ‘बालकवी’ म्हटले, आणि पुढे मराठीने त्याला त्याच नावाने ओळखले. मोठ्यांचा एक शब्द इतका पुरतो. मोठ्यांचा वाकडा शब्दही तितकाच पुरतो. तुकोबांच्या गाथेवर इंद्रायणीत बुडवण्याचा जो अभिप्राय मिळाल्याची कथा आहे, तो पचवायला तुकोबाच असावे लागतात.

दोष सर्वांसमोर सांगावा की एकट्याला? कौतुक चारचौघांत आणि चूक एकांतात, हा व्यवहारातला नियम येथे पुरेसा नाही, कारण एकाची अलामत का मोडली हे पाहून आणखी दहा जण शिकतात. कवीला आधी विचारून घेणे हा सरळ उपाय आहे. स्वतः कविता दाखवणाऱ्यानेही आपल्याला काय हवे ते उघड म्हणावे. ‘सूचनांचे स्वागत’ असे लिहून सूचना आल्यावर रुसणाऱ्यांची संख्या कमी नाही. ‘आज फक्त ऐकवायची आहे’ असे म्हणण्यात काही कमीपणा नाही, आणि ‘दुसऱ्या कडव्याचा शेवट नीट उतरला का, तेवढे पाहा’ असे म्हटले तर वाचकाचेही काम सोपे होते.

गट लहान असणे मला आवश्यक वाटते. 1923 साली पुण्यात रविकिरण मंडळ सुरू झाले तेव्हा त्यात माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्रीधर आणि मनोरमा रानडे अशी मोजकी मंडळी होती, आणि ती एकत्र बसून एकमेकांच्या कविता ऐकत. त्यांच्यातल्या माधव जूलियनांनी पुढे ‘छंदोरचना’सारखा छंदशास्त्राचा ग्रंथ सिद्ध केला, आणि यशवंत-गिरीशांनी काव्यगायन गावोगाव नेले. दोनशे जणांच्या गटात कोणीच कोणाचे नीट वाचत नाही. आठ-दहा जणांनी आठवड्याला दोनच कविता घ्याव्यात, त्या आधी दोन दिवस सर्वांकडे पोहोचाव्यात, आणि ज्याची कविता आहे त्याने इतरांचे बोलून होईपर्यंत गप्प राहावे. यातली शेवटची अट सर्वांत अवघड आहे. ‘मला असे म्हणायचे होते की’ हे शब्द ओठांवर आले, की समजावे, ते म्हणणे कवितेत उतरलेले नाही. ते वाचकाला नव्हे, वहीला सांगायचे आहे. गटात आलेला कच्चा खर्डा बाहेर कोणालाही पुढे पाठवू नये, हे सांगायला नको, तरीही सांगावे लागते.

आलेले सर्व अभिप्राय मानायचे नसतात. एकाला खटकलेली ओळ ही त्याची आवड असू शकते. तिघांना तीच ओळ वेगवेगळ्या कारणांनी खटकली तर कारणे विसरून ओळीकडे पाहावे. जुना खर्डा खोडून टाकू नये, शेजारी नवा लिहावा, कारण सुधारताना कविता बिघडण्याचेही प्रसंग येतात आणि तेव्हा परतण्यासाठी वाट हवी. मधे आठवडा तरी जाऊ द्यावा.

दुसरा खर्डा परत आला की वाचकाचे काम पुन्हा सुरू होते, आणि येथे बरेच जण कंटाळतात. पहिला खर्डा शेजारी ठेवून काय हलले ते पाहावे आणि तेवढेच सांगावे. समजा, वरच्या कडव्याच्या कवीने आठवणी गाळल्या, यमक बदलले आणि हे परत पाठवले :

छत्री माझ्या डोक्यावर,
शाळेपाशी आलो कोरा;
आईचा उजवा खांदा,
भिजलेला काठ सारा.

पाऊस हा शब्द गेला आणि पाऊस आला, हे त्याला आवर्जून सांगावे. ‘त्या’च्या जागी ‘उजवा’ आला आहे आणि त्याने छत्री कोणत्या बाजूला कलली होती तेही कळते, हे सांगावे. ‘कोरा’ आणि ‘सारा’ हे यमक अष्टाक्षरीत चालून जाईल, गझलेत चालले नसते. मग ‘सारा’ केवळ यमकासाठी आला आहे का, एवढा एकच प्रश्न उरतो, आणि तो विचारावा.